राजांच्या वरचा राजा : पंडिता रमाबाईंच्या लेखनातील ईश्वरी सत्तेचा विचार

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत झालेले लेखन साधारणपणे दोन वाटांनी गेले आहे. पहिली वाट धर्मांतराच्या वादाची. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३मध्ये पुण्यात जे वादळ उठले, त्याची धूळ या वाटेवर अजून पुरती बसलेली नाही. दुसरी वाट स्त्रीसुधारणेच्या इतिहासाची. मीरा कोसंबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी रमाबाईंचे लेखन संपादित आणि अनुवादित करून ती रुंद केली. या दोन वाटांत मतभेद पुष्कळ आहेत, पण एक गोष्ट समान आहे. रमाबाईंची श्रद्धा दोन्हीकडे अडचणीचीच ठरते. पहिल्या वाटेवर ती आरोप म्हणून येते, दुसऱ्या वाटेवर बंडखोर स्त्रीच्या चरित्रातील न जुळणारा तुकडा म्हणून. इंग्लंडात धर्मगुरूंशी वाद घालणारी रमाबाई आणि केडगावला प्रार्थनेत रात्र काढणारी रमाबाई जणू दोन वेगळ्या बायका होत्या, असे वाटावे अशी मांडणी अनेकदा होते.

मला या लेखात या दोघींमधील सांधा शोधायचा आहे. तो सांधा एका जुन्या ख्रिस्ती सिद्धान्तात आहे, असे माझे मत आहे. राजे, राज्ये आणि माणसाच्या वाट्याला येणारी परिस्थिती यांवर अखेरची सत्ता देवाची आहे, हा तो सिद्धान्त. ऐकायला तो शरणागतीचा वाटतो. रमाबाईंच्या हाती त्याचे काय झाले, ते पाहण्याजोगे आहे.

एका वचनाचे दोन उपयोग

आधी सिद्धान्ताविषयी थोडे. बायबलमध्ये ही कल्पना अनेक ठिकाणी येते, आणि ती कोण कोणाला सांगतो हे प्रत्येक ठिकाणी महत्त्वाचे आहे. दानिएलाच्या पुस्तकात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर आपल्या वैभवाचा गर्व करतो आणि त्याची बुद्धी हरपून तो गुरासारखा गवत खाऊ लागतो. परात्पर देव राज्य ज्याला हवे त्याला देतो, हे कळेपर्यंत त्याची सुटका होत नाही. ही गोष्ट सांगणारी माणसे पाडाव झालेली, देशोधडीला लागलेली आहेत. यशयाच्या पुस्तकात पारसाचा राजा कोरेश देवाचा अभिषिक्त ठरतो. तो या देवाला ओळखतही नाही, तरी बंदिवानांना घरी पाठवण्याचे काम त्याच्याकडून करून घेतले जाते. नीतिसूत्रांत राजाचे मन देवाच्या हातातील पाण्याच्या पाटासारखे म्हटले आहे. शेताला पाणी देणाऱ्याला या उपमेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही : पाटाला आपली दिशा स्वतः ठरवता येत नाही. आणि योहानाच्या शुभवर्तमानात येशू हीच गोष्ट पिलाताला ऐकवतो, तुझा अधिकार वरून दिलेला आहे म्हणून. ऐकवणारा बेड्यांत आहे आणि ऐकणारा रोमी सुभेदार.

पुढे हेच वचन सिंहासनाच्या बाजूने उभे केले गेले. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकारी देवाने नेमलेले आहेत, म्हणून त्यांच्या अधीन असावे, असा उपदेश आहे. तो राजांना फार सोयीचा पडला. १५२५मध्ये जर्मन शेतकरी उठले, तेव्हा लूथरने त्यांच्याविरुद्ध या अधिकाराचाच आधार घेतला. कॅल्व्हिनने आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात सामान्य प्रजेला आज्ञापालनच सांगितले, पण अखेरीस प्रेषितांच्या कृत्यांतील पेत्राची भूमिका पुढे केली : माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती विचारवंतांनी १९८५च्या कैरोस दस्तऐवजात, वर्णद्वेषी सरकार रोमकरांस पत्राचा हाच अध्याय ढालीसारखा वापरते, अशी स्पष्ट टीका केली.

म्हणजे सिद्धान्त एकच, उपयोग दोन. देव राजाला बसवतो, असे म्हणून राजासमोर वाकता येते. ज्याने बसवले तोच उतरवतो, असे म्हणून ताठही उभे राहता येते. पहिला उपयोग दरबारात वाढला, दुसरा तुरुंगात आणि वनवासात.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राला यांपैकी पहिला उपयोग अपरिचित नव्हता, आणि तो मांडणारे बहुतेक ख्रिस्तीही नव्हते. लोकहितवादींनी शतपत्रांत इंग्रजांचे येणे ही ईश्वरी योजना मानली. आपल्या लोकांना शहाणपण येण्यासाठी हे घडले, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती रानड्यांच्या विचारातही इंग्रजी राज्याचा संबंध विधिघटित असल्याची धारणा खोलवर आहे. हे दोघेही राज्यकर्त्यांचे भाट नव्हते. लोकहितवादींनी तर इंग्रज एक दिवस जातील, हेही सांगून ठेवले. तरीही त्यांच्या मांडणीत देवाची इच्छा आणि इंग्रजांची सत्ता एकाच दिशेने चालताना दिसतात. अशा काळात, राज्यकर्त्यांचाच धर्म स्वीकारलेल्या बाईने ही जोडी आणखी घट्ट करावी, अशी कोणाचीही अपेक्षा झाली असती.

मध्ये कोणी नको

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांचा अँग्लिकन जोगिणी, शिक्षिका आणि धर्माधिकारी यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. ही पत्रे जमवून ठेवली ती सिस्टर जेराल्डीन यांनी. म्हणजे वादातील प्रतिपक्षानेच हा पुरावा जपला. शिष्या हट्टी आहे, गर्विष्ठ आहे, हे त्यांना दाखवायचे असावे. आज वाचताना मात्र शिष्येचा युक्तिवादच अधिक ठसतो.

वाद अनेक मुद्द्यांवर होता : त्रैक्याचा सिद्धान्त, कुमारीजन्म, गळ्यातील क्रूसावरचा लॅटिन मजकूर. लॅटिनच्या जागी संस्कृत का नको, हा रमाबाईंचा प्रश्न. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, असा विचार पुढे आला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर या बाईच्या प्रतिष्ठेला बाध येईल, असे त्यांना वाटले. रमाबाईंना हा हस्तक्षेप मुळीच मान्य नव्हता. आपल्या आईने पुरुषांना शिकवले तेव्हा वडिलांनी आडकाठी केली नाही, मग हे कोण, असा त्यांचा रोख होता.

या सगळ्या पत्रांच्या तळाशी एकच भूमिका आहे. भारतातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, आता दुसरे तसलेच जू चढवून घेणार नाही, असे त्या सांगतात. माझ्या वाचनात हा केवळ स्वाभिमानाचा उद्गार ठरत नाही. त्यामागे धर्मशास्त्रीय युक्तिवाद आहे. देव सर्वोच्च असेल, तर त्याच्या आणि माणसाच्या मध्ये उभे राहणाऱ्या प्रत्येकाचा अधिकार दुय्यम ठरतो, मग तो बिशप असो की शास्त्री. स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा थेट मार्ग नाही, हे धर्मग्रंथांत वाचून त्या आपल्या जुन्या धर्मापासून दूर गेल्या होत्या. ख्रिस्ती धर्मात येऊन तोच अडथळा दुसऱ्या पोशाखात भेटला, तेव्हा त्यांनी देवाची सत्ताच त्याच्यासमोर ठेवली. सत्ता जितकी वर, तितके खालचे सगळे समान पातळीवर. हे गणित त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

सरकार आणि गव्हर्नर

आता राज्यकर्त्यांकडे. १८८७मध्ये फिलाडेल्फियात त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम दिला होता. या पुस्तकाचा वाचक अमेरिकन ख्रिस्ती होता. शाळेसाठी पैसा त्याच्याकडूनच उभा राहायचा होता. ख्रिस्ती सरकारच्या उपकारांचे वर्णन करणे अशा वेळी फायद्याचे ठरले असते. रमाबाईंनी उलटे केले. इंग्रज सरकारने एका असहाय स्त्रीचे रक्षण केले नाही याचा दोष त्याला कशाला द्यावा, ते तर हिंदुस्थानातील पुरुषांशी केलेला करारच पाळत आहे, अशा अर्थाचे उपरोधिक वाक्य त्या लिहून जातात. राज्य आणि नफा टिकवण्यासाठी परक्या पुरुषांनी देशी पुरुषांशी तडजोड केली आणि ती स्त्रीच्या जिवावर केली, हे निदान त्या काळी फार थोड्यांनी इतक्या उघड केले असेल.

दोन वर्षांनी, १८८९मध्ये, त्यांचे मराठीतील अमेरिका-वर्णन प्रसिद्ध झाले. युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीचे हे पुस्तक राजाशिवाय चालणाऱ्या देशाविषयी आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. इंग्लंडच्या राजाचे जोखड झुगारून देणाऱ्या लोकांचा इतिहास इंग्लंडच्या राणीची एक प्रजा आपल्या भाषेत, उघड सहानुभूतीने सांगते. त्या देशातील गुलामगिरी आणि मूलनिवासींवरील अन्याय यांकडेही ती डोळेझाक करत नाही. राज्यपद्धती कोणतीही असो, ती तपासून घ्यायची, ही वृत्ती या पुस्तकात सर्वत्र आहे.

तिसरा प्रसंग १८९७चा. पुण्यात प्लेग होता आणि सरकारी बंदोबस्ताने लोक त्रासले होते. रमाबाईंच्या आश्रयातील एका मुलीच्या निमित्ताने, प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांच्या अब्रूची काय व्यवस्था आहे, असा प्रश्न त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात जाहीरपणे विचारला. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडून आरोपांचा इन्कार झाला. रमाबाई मागे हटल्या नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. शारदा सदनाच्या वादात परस्परांविरुद्ध उभे राहिलेले ‘केसरी’कार आणि रमाबाई त्या उन्हाळ्यात एकाच सरकारला जाब विचारत होते. आपल्या इतिहासलेखनाने ही गोष्ट फारशी लक्षात ठेवली नाही.

त्यांनी इंग्रजी राज्याविषयी कधी बरे लिहिलेच नाही, असे मला म्हणायचे नाही. १९१९मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले, हेही खरे. माझे म्हणणे मर्यादित आहे. देवाची सत्ता आणि राज्यकर्त्यांची सत्ता या दोन गोष्टी त्यांच्या लेखनात एकमेकींत मिसळत नाहीत. राज्यकर्त्यांचा धर्म घेऊनही राज्यकर्ते त्यांना देवाचे प्रतिनिधी वाटले नाहीत. फार तर पाटातले पाणी वाटले असतील, आणि पाणी चुकीच्या वाफ्यात जात असेल तर ओरडून सांगणे हे शेतावरच्या माणसाचे कामच असते.

दुष्काळाचे कारण आणि देवाचा हात

राज्यकर्त्यांच्या बाबतीत हा सिद्धान्त माणसाला बळ देतो, हे समजू शकते. परिस्थितीच्या बाबतीत काय? गव्हर्नरला पत्र लिहिता येते, दुष्काळाला कोण लिहिणार? सर्व काही देवाच्या हाती आहे असे मानले, की भुकेने मेलेल्या माणसांचे काय सांगायचे, हा प्रश्न उभा राहतो. आणि रमाबाईंसाठी तो पुस्तकी नव्हता. १८७४पासूनच्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि मोठी बहीण अशा तिघांना त्यांनी उपासमारीत गमावले. १८८०मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्याही नव्हत्या आणि पदरात तान्ही मनोरमा होती.

या अनुभवावर त्यांनी दोनदा सविस्तर लिहिले : १८९७मध्ये दुष्काळाच्या आठवणींत आणि १९०७मध्ये आपल्या साक्षीत. दोन्ही लेखनांत एक पद्धत आढळते, आणि या लेखातील माझा मुख्य मुद्दा तोच आहे. दुष्काळात घर का बुडाले, याचे कारण सांगताना रमाबाई देवाचे नाव घेत नाहीत. कारणे त्या माणसांतली देतात. होते नव्हते ते पुण्यासाठी दानधर्मात गेले. शास्त्र-पुराणांखेरीज दुसरे काही शिकवले गेले नव्हते. अंगमेहनतीचे काम करणे किंवा कोणाकडे मागणे कुळाला कमीपणा आणणारे वाटत होते. रानातली पाने खाऊन दिवस काढल्यावर वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले, तेव्हा मुलगा पुढे झाला आणि म्हणाला की मी जातीचा अभिमान सोडून हमाली करीन. त्या शब्दाने तो निश्चय टळला, तरी वडील वाचले नाहीत. हे सारे रमाबाई कोरड्या नजरेने, जवळजवळ जमाखर्च मांडावा तसे सांगतात. नशिबाला दोष नाही, देवाच्या कोपाची भाषा नाही.

देव येतो तो वेगळ्या ठिकाणी. मरणाच्या दारात असलेल्या वडिलांनी धाकट्या मुलीला आपण देवाच्या हाती दिले असल्याचे सांगितले, ही आठवण साक्षीत आहे. वडिलांना ज्याची ओळख नव्हती, त्याच देवाची ते मनोभावे सेवा करत होते, असा अर्थ रमाबाई मागे वळून लावतात. म्हणजे देवाचा हात त्यांना घटनेच्या कारणात दिसत नाही. घटनेतून पुढे निघालेल्या वाटेत दिसतो. दुष्काळ का पडला, या प्रश्नाचे उत्तर अर्थव्यवहारात आणि समाजरीतीत शोधायचे. त्यातून वाचले, ते कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर देवाकडे मागायचे. हा भेद त्यांनी कुठे सिद्धान्त म्हणून मांडलेला नाही. पण तो त्यांच्या कथनाच्या रचनेतच आहे, आणि मराठी वाचकाला परिचित असलेल्या प्रारब्धाच्या कल्पनेपासून त्यांची श्रद्धा इथे वेगळी होते. प्रारब्ध मागचा हिशेब पुरा करते. रमाबाईंचा देव पुढचे काम सांगतो.

काम कोणते, हे लवकरच कळले. १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या जवळ पोचली. तिथे काय शिकवले जात होते, ते दुष्काळाच्या आठवणींशेजारी ठेवून वाचावे. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना : अनंतशास्त्र्यांच्या घरात जे नव्हते, नेमके तेच.

मुक्तीतला अनुत्तरित प्रश्न

इथपर्यंतची मांडणी रमाबाईंच्या बाजूने झाली. पण ज्या मापाने त्यांनी बिशपांना आणि गव्हर्नरला मोजले, ते माप त्यांच्या स्वतःच्या संस्थेलाही लावले पाहिजे. देव आणि माणूस यांच्यामध्ये कोणी नको, असे म्हणणारी बाई पुढे जवळजवळ दोन हजार जणींच्या जेवणाखाण्याची, शिक्षणाची आणि उपासनेची चालक झाली. जॉर्ज म्यूलरच्या उदाहरणाचा त्यांच्यावर प्रभाव होता. देव पुरवील या विश्वासावर संस्था चालवायची, ही त्यांची रीत. पुरवठा झाला की तो देवाचा कौल ठरतो. मुली आल्या की त्याही देवाने पाठवलेल्या ठरतात. ज्या मुलीला भुकेने केडगावला आणले, तिला हा कौल नाकारण्याची जागा किती होती? १८८५मध्ये रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीन यांना जो नकार दिला, तसा नकार मुक्तीतील एखाद्या मुलीला रमाबाईंना देता आला असता का?

या प्रश्नाला आपल्याकडील साधने पुरे उत्तर देत नाहीत, कारण आपल्यापर्यंत आलेला आवाज बहुतांशी रमाबाईंचा आणि मिशनच्या वार्तापत्रांचा आहे. १९०५च्या पुनरुज्जीवनाच्या वर्णनांत मुलींचे रडणे आणि प्रार्थना आहेत; पण ती वर्णने पाहणाऱ्यांची आहेत. देवाच्या सत्तेचा सिद्धान्त राजाच्या हातून काढून घेणे ही रमाबाईंची कमाई. तो पालकाच्या हाती गेला, की पुन्हा जुने रूप घेऊ शकतो, हा धोका त्यांच्या लेखनाला जाणवलेला मला दिसत नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका न घेताही हे म्हणता येते. निःस्वार्थी माणसाच्या सत्तेला हरकत घेणे स्वार्थी माणसाच्या सत्तेपेक्षा कठीण असते, आणि रमाबाईंची सत्ता पूर्णपणे निःस्वार्थी होती.

याच्या उलट बाजूला एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आयुष्याची अखेरची पुष्कळ वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतरात घालवली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. उपलब्ध मराठी बायबलची भाषा साध्या बायकांच्या आवाक्याबाहेरची आहे, असे त्यांचे मत होते. म्हणून कमी शिकलेल्या बाईला कोणाच्या मदतीशिवाय वाचता यावी, अशी सोपी मराठी त्यांनी निवडली. मजकूर मुक्तीच्या छापखान्यातच, तिथल्या बायकांच्या हातांनी छापला गेला. १९२१मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४मध्ये बाहेर पडला. या भाषांतराच्या शैलीवर टीका करता येईल. विद्वत्तेने परिपूर्ण असलेल्या लेखणीने मुद्दाम पत्करलेला तो साधेपणा काही ठिकाणी ओबडधोबड होतो. पण त्याचा हेतू १८८५च्या पत्रांशी थेट जुळतो. वाचणारीला अर्थ सांगायला मध्ये शास्त्री नको, बिशप नको. आणि मजकूर हाती आल्यावर पंडिता रमाबाईही नको.

गवत खाणाऱ्या राजाची गोष्ट दुष्काळातून वाचलेल्या एखाद्या मुलीने एकेक खिळा जुळवून लावली असेल, तर तिने ती कशी वाचली, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. मात्र ती वाचण्याची सोय तिला करून दिली गेली होती. रमाबाईंच्या श्रद्धेचे मोजमाप करताना केडगावची शिस्त आणि केडगावचा छापखाना या दोन्ही गोष्टी हिशेबात घेतल्या पाहिजेत. आतापर्यंतच्या समीक्षेने पहिलीवर पुष्कळ लिहिले. रमाबाईंच्या बायबलचा भाषेच्या आणि विचाराच्या अंगाने बारकाईने अभ्यास होणे, हे काम मराठी समीक्षेकडे अजून बाकी आहे.